दोन गावांना एकच दरबार

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी थोरले दीर दादासो साताऱ्याहून पहिल्या एस.टी.नं सांगलीत येऊन थडकले. त्यांच्या मागोमाग थोरल्या जाऊबाई अनसूयाही जिना चढून वर आल्या, तेव्हाच विजयमालेनं ओळखलं, की आज आपला निकाल लागणार. ऐन जत्रांच्या हंगामात साताऱ्याचं दुकान बंद ठेवून नवराबायको दोघं येतात, ती काही आमरस-पुरणपोळी खायला येत नाहीत. सासूबाईंनी बोलावून घेतलं होतं. हरणाबाईंनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. पण थोरला लेक येणार नसता तर त्यांनी पहाटे उठून एवढी डाळ शिजत घातली नसती.

खाली ‘सिद्धनाथ ड्रेपरी’ आणि वर बिऱ्हाड, असं पोऱ्यांचं घर. सासरे, नाथाजी पोरे, खाली दुकानात गादीवर बसले होते. सगळा मुलूख त्यांना आप्पा म्हणायचा. म्हसवडहून नुसती कात्री घेऊन आलेल्या या शिंप्यानं असा सरंजाम उभा केला होता, की सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही गावात हौशी पोरांनी जत्रेला नाटक बसवलं, की पडदे, विंगा, अंगरखे, टोप, दाढ्यामिशा, लाकडी तलवारी, सगळं इथूनच भाड्यानं जायचं. साताऱ्याची शाखा थोरल्याकडे आणि सांगलीचं दुकान आप्पांच्या हाताखाली धाकट्या आकारामकडे, अशी वाटणी होती. आकाराम म्हणजे विजयमालेचा नवरा. तो बहुतेक दिवस गावोगावच्या स्टेजवर पडदे बांधत असायचा. आज थोरला भाऊ येणार म्हणून थांबला होता.

“आकाराम,” चहाची बशी खाली ठेवत दादासो म्हणाले, “तुझ्या बायकोला इचार, हंगाम कवा असतोय ते ठाऊक हाय का?”

दादासो भावजयीशी थेट बोलत नसत. ती समोर बसलेली असली तरी तिच्याबद्दलचं सगळं ते धाकट्या भावाला सांगत.

“तिला ठाऊक नसायला ती काय परकी हाय का, दादा?”

“मग बडोद्याला कशी निघालीया? बाकीचं दहा म्हैनं ते कॉलेज काय झोपा काढतंय?”

“उन्हाळ्याच्या सुट्टीतच भरतो तो वर्ग,” विजयमाला हळूच म्हणाली. “नोकरीवाल्यांना रजा मिळते ना तेव्हा.”

“नोकरीवाल्यांस्नी. आपण कुठं नोकरीवालं हाय?” दादासो आकारामकडेच बघत म्हणाले.

बडोद्याच्या एका संस्थेनं पदवीधरांसाठी तो अभ्यासक्रम काढला होता. नाट्यगृहं, संगीत मंडळं, संग्रहालयं चालवायची कशी, ते तिथं शिकवत. तीन उन्हाळे पुरे केले की पदव्युत्तर पदविका. गेल्या साली दुष्काळात जत्राच झाल्या नाहीत, पडदे माळ्यावर गुंडाळलेले तसेच राहिले, तेव्हा रिकामं बसण्यापेक्षा सून शिकून येईल म्हणून सगळ्यांनीच होकार दिला होता. यंदा पाऊसपाणी बरं झालं होतं. दोन वर्षांच्या राहिलेल्या जत्रा गावं एकाच हंगामात भागवून घेत होती. आणि नेमका दुसरा उन्हाळा दारात येऊन उभा राहिला होता. त्यात रेल्वेचा संप होणार म्हणून पेपरात रोज येत होतं. जायचं तर आठवड्याच्या आत निघायला हवं होतं.

“एक उन्हाळा शिकून सोडायचं म्हंजे अर्धी दाढी करून उठल्यावानी झालं,” आकाराम म्हणाला. तो अजून तिच्या बाजूनं होता, आणि तेवढाच तिला आधार होता.

“शरयूला कुठं ठेवणार?” अनसूयाबाईंनी विचारलं. शरयू ही विजयमालेची चार वर्षांची लेक.

“माझ्या आईकडं, साताऱ्याला. गेल्या साली होती तशीच, आक्का.”

“शिक्षणाला कोण न्हाई म्हनतंय?” हरणाबाई चुलीकडं तोंड करूनच बोलल्या. “पुढच्या साली जावं. ह्या साली नगं म्हंजे नगं.”

विजयमालेला त्याचंच कोडं पडलं होतं. गेल्या साली याच बाईनं डबा भरून शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले होते, शेजारणींना ‘माझी सून बडोद्याला शिकाय गेलीया’ म्हणून सांगितलं होतं. दिवाळी झाली आणि त्यांचं तोंडच फिरलं.

दिवाळीनंतर घरात दुसरंही एक बदललं होतं. पण ते आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी विजयमालेची समजूत होती. आप्पा विसरायला लागले होते. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग दिलेले शब्द. आप्पांनी आयुष्यात कधी तारीख लिहून ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातावर विडा ठेवला की ती तारीख त्यांच्या डोक्यात पक्की बसायची. बडोद्याहून आल्यावर विजयमालेनं मोठ्या हौसेनं दुकानाच्या भिंतीवर गावांची नि तारखांची चौकट आखली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चुना कालवून ती पुसली. “शब्द भिंतीवर लिवत न्हाईत, पोरी. शब्द तोंडात असतोय,” असं हसत म्हणाले. ते हसणं जानेवारीपर्यंत टिकलं. त्यानंतर बोरगावच्या लोकांना त्यांनी एकच तारीख दोनदा विचारली, तेव्हा विजयमाला सावध झाली. तेव्हापासून दुकानातून कुणी उठलं, की ती काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर पडायची आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी त्या माणसाला गाठायची. “मामा, आप्पांनी कुठली तारीख दिली तुम्हाला?” मग ती तारीख आपल्या मनाशी धरून माल तयार ठेवायची. आप्पांना वाटायचं, आपणच सांगितलं असेल.

बडोद्याचे एक म्हातारे प्राध्यापक गेल्या साली तिचा निबंध वाचून म्हणाले होते, “तुमचं दुकान ही एक संस्थाच आहे, बाई. पण एका माणसाच्या डोक्यावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर बसते.” तेव्हा ते वाक्य तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता पडल्या पडल्या ते आठवून तिची झोप उडायची. महिना-सव्वा महिना आपण इथं नसलो तर? चहाच्या गाड्यापाशी कोण जाणार?

खाली ट्रकचा भोंगा वाजला.

“लोणंदकडची पार्टी आली वाटतं,” आकाराम उठून खिडकीतून डोकावला. “हवालदार लालासाहेब.”

विजयमालेचा हात परातीतच राहिला. लोणंदकडच्या कुणाची तारीख तिच्या हिशेबात नव्हती.

ती जिना उतरली तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेले लालासाहेब दुकानात ताठ उभे होते आणि आप्पा त्यांचं तोंडभरून स्वागत करत होते. “या हवालदार! तुमचा दरबार तयार हाय. म्हसवडच्या रथाला सिद्धनाथाच्या दारात इडा दिला तुमाला, तो काय खाली पडू देतोय मी?”

“म्हणूनच लोणंदपास्नं सरळ सांगली गाठली,” लालासाहेब म्हणाले. “आमच्या गावानं दोन साल जत्रा केली न्हाई, आप्पा. यंदा गावातल्या सगळ्या फौजी पोरांनी रजा काढलीया नाटकासाठी. टाइमात पोचलं पायजे.”

म्हसवडची रथाची जत्रा मार्गशीर्षात झाली होती. तिथं आप्पांबरोबर हरणाबाई होत्या, विजयमाला नव्हती. आणि तेव्हा ती चहाच्या गाड्यापाशी जायलाही लागली नव्हती. दरबाराचा पडदा सांगलीत एकच. राजाचा पोशाख, सरदारांचे अंगरखे, भरजरी शेले यांचाही एकच संच. आणि उद्यासाठी तो तिनं आष्ट्याला धरून ठेवला होता.

आकाराम नि ट्रकवाल्यानं दरबाराचा लांबलचक गुंडाळा खांद्यावर घेतला, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी ट्रॅक्टर फटफटला. ट्रॉलीतून आष्ट्याचा केरबा उतरला. पांढऱ्या मिशा, डोईला गुलाबी पटका. आप्पांनी सांगलीत दुकान मांडलं, त्या सालापासून आष्ट्याचं नाटक केरबाच घेऊन जायचा.

“आप्पा, रामराम. भरू का माल?”

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. “कसला माल?”

“कसला म्हंजे? दरबार. पोशाख. उद्या जत्रा न्हाई का आमची?”

“तुला कुनी शब्द दिला?”

केरबाला ती थट्टा वाटली. तो हसला. “आवं, तुमीच की. पाडव्याला. ह्याच गादीवर बसून.”

“पाडव्याला तू आलाच न्हाईस.”

केरबाचं हसू विरून गेलं. त्यानं ट्रकच्या दिशेनं निघालेला गुंडाळा बघितला, लालासाहेबांकडं बघितलं, परत आप्पांकडं बघितलं. “आप्पा, माझं थोरलं पोरगं राजाचं काम करतंय. त्याच्या सासुरवाडीची मानसं बघाय येनार हायत. राजानं काय सदरा-लेंग्यावर सिंहासनावर बसायचं व्हय?”

“ते तुझं तू बघ. मी शब्द दिला न्हाई.”

“आवं, मी काय...”

“ए केरबा,” जिन्यावरून दादासो उतरले. “आप्पा म्हनत्यात न्हाई, म्हंजे न्हाई. त्यांचा शब्द कवा हालल्याला ऐकलायस? उगं चार मानसांत दुकानाचं नाव घालवू नगंस.”

“म्हंजे मी खोटं बोलतोय?” केरबा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. बोळातल्या माणसांनी माना वळवल्या. ट्रॉलीतली आष्ट्याची चार जणं खाली उतरली. लालासाहेबांनी पडद्याच्या गुंडाळ्यावर हात ठेवला, तो राहू दिला.

विजयमालेला पाडवा स्पष्ट दिसत होता. केरबानं याच उंबऱ्यात कडुनिंबाचा पाला नि गूळ खाल्ला होता, तोंड वाकडं करून आप्पांना हसवलं होतं, आणि आप्पांनी त्याच्या हातावर विडा ठेवला होता. विड्याचं तबक तिनंच पुढं केलं होतं. आता तिनं गप्प राहायचं म्हणजे या म्हाताऱ्या माणसाला भर पेठेत खोटं पडू द्यायचं. खरं सांगायचं म्हणजे आप्पांना त्यांच्याच गादीवर उघडं पाडायचं. सासूबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं होतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “केरबामामांना पाडव्याला मी शब्द दिला. म्हसवडचं मला ठाऊक नव्हतं, आणि मामांचं आप्पांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.”

केरबानं तिच्याकडं पाहिलं. तो काही बोलणार, असं वाटलं. मग त्याची नजर आप्पांकडं गेली, तिथं थांबली, आणि त्यानं तोंड मिटलं.

“झालं!” दादासोंनी हात झटकले. “घ्या. हे बडोद्याचं शिक्षण! चित्त तिकडं, मग हितं दुसरं काय व्हनार?” ते लालासाहेबांकडं वळले. “हवालदार, माफ करा. साताऱ्याच्या दुकानात दुसरा दरबार हाय, पोशाख हायत, सगळं उद्या मोकळं हाय. तुमचा रस्ता साताऱ्यावरनंच जातोय. मी संगं येतो, माल भरून देतो. हा दरबार आष्ट्याला जाऊ द्या.”

“माल चांगला हाय ना? फाटका-तुटका न्हाई चालणार.”

“ह्याच्यापरास उजवा हाय.”

लालासाहेबांनी जरा विचार केला नि गुंडाळ्यावरचा हात काढला. “चला मग. लौकर.”

दादासो मात्र जागचे हलले नाहीत. “आकाराम, एक सांगून ठेवतो. आजपास्नं सांगलीचं बुकिंग मी बघनार. आनि बडोदं बंद. तू व्हय म्हन, मग मी ट्रकात बसतो.”

आकारामनं बायकोकडं बघितलं. ट्रकवाला घड्याळ बघत होता, आष्ट्याची माणसं दारात अडून उभी होती. “विजू,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “ह्या साली ऱ्हाऊ दे. असं घोटाळं व्हायला लागल्यावर मी तरी कुठल्या तोंडानं भांडू?”

सकाळचा एकुलता एक आधार तिच्या डोळ्यांदेखत पलीकडं गेला. त्याला दोष तरी काय द्यायचा? चूक माझी, हे तिनंच सांगितलं होतं.

“बरं,” ती म्हणाली आणि पोशाख काढायच्या निमित्तानं मागच्या गोदामात शिरली.

गोदामात डांबरगोळ्यांचा नि जुन्या रंगाचा वास होता. भिंतीला टेकून जंगल, रस्ता, देऊळ असे पडदे गुंडाळून उभे होते. ती ट्रंकेचं झाकण धरून नुसतीच बसली. मागं पावलं वाजली. सासूबाई होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

“उपकार झालं गं तुझं.”

विजयमालेनं वर बघितलं. “म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?”

“चाळीस वरसं एका ताटात जेवले. मला ठाऊक नसंल?” हरणाबाई शेजारच्या ट्रंकेवर बसल्या. “दिवाळीत पाडव्याला ओवाळाय गेले, तर मला म्हनाले, बाई, तुमचं मालक कुठं हायत? मग लगीच हसले. थट्टा केली म्हनाले. थट्टा न्हवती ती.”

“मग म्हसवडचं मला का नाही सांगितलंत, आत्याबाई?”

“त्येनी सांगितलं असंल वाटलं. आनि... मी सांगितलं असतं तर मला दिसतंय हे तुला कळलं असतं. मला वाटलं, तू संभाळतीयास तवर संभाळ. तू चहाच्या गाड्यावर पळत जायचीस, ते मी गच्चीतनं बघत हुते.” त्यांचा आवाज चिरकला. “म्हनून बडोदं नगं म्हनत हुते गं. तू गेलीस की सगळं उघडं पडंल. शिंप्याची मानसं आपन. ह्या मानसानं शब्दावर घर उभं केलं. त्येचा शब्द गेला तर काय ऱ्हायलं?”

इतके दिवस सासूबाई आपल्या शिकण्याच्या आड येतायत म्हणून ती मनातल्या मनात धुमसत होती. आणि दोघी एकाच घरात, एकाच भीतीनं, एकमेकींपासून लपून बसल्या होत्या.

दार करकरलं. आप्पा आत आले. हरणाबाई चटकन उठून उभ्या राहिल्या.

आप्पांनी बायकोकडं बघितलं नाही. ते सुनेसमोर येऊन उभे राहिले. “पोरी, एक इचारतो. केरबा किती वरसं येतोय आपल्याकडं?”

“दुकान सुरू झालं तेव्हापासून, आप्पा.”

“त्यो कवा खोटं बोलल्याला मला आठवत न्हाई. लय गोष्टी आठवत न्हाईत, पर हे जुनं हाय, हे आठवतंय.” ते थांबले. शब्द शोधत होते. “तू बी खोटं बोलत न्हाईस. आज बोललीस. इडा देनं हे माझं काम, तू कवा कुनाला दिला न्हाईस. मग आज का बोललीस?”

तिनं ट्रंकेतला एक अंगरखा काढून उगाच घडी घालायला घेतली.

“पाडव्याला त्यो आलता?”

“आप्पा...”

“आलता का न्हाई, एवढंच सांग.”

“आले होते.”

आप्पांनी शेजारच्या पडद्यावर हात टेकला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “मला एवढं सुदीक दिसत न्हाई बघ,” ते म्हणाले. “पाडव्याची गुडी उभारल्याली दिसतीया. केरबा दिसत न्हाई. लय डोळं ताणलं. न्हाईच दिसत.”

“आवं, बसा हितं,” हरणाबाईंनी त्यांचा दंड धरला. “जाऊ द्या. ती मानसं गेली की...”

“मानसं जायच्या आदी जायला पायजे,” आप्पा म्हणाले आणि दंड सोडवून बाहेर गेले.

दोघी मागोमाग धावल्या. दुकानात केरबा गुंडाळ्याची दोरी आवळत होता. दादासो ट्रकच्या फळीवर पाय ठेवून उभे होते.

“दादासो, खाली उतर,” आप्पा म्हणाले. आवाज नेहमीसारखा होता, त्यामुळे सगळे थांबले. “हवालदार, तुमीबी ऐका. शब्द दोघांस्नी मीच दिला. धाकट्या सुनंचा ह्यात काय दोष न्हाई. मी इसरलो. आनि हे आजचं न्हाई, लय दिवसांचं हाय.” ते केरबाकडं वळले. “तुला मी भर बाजारात लबाड ठरवला, गड्या.”

“जाऊ द्या की आप्पा,” केरबा पुटपुटला. त्याच्या हातातली दोरी सुटली होती. “वय झालं की आपलं.”

“तुला कळलं हुतं. पोरगी बोलली तवाच.”

केरबानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले नि परत दोरी आवळायला घेतली.

लालासाहेब फौजी माणूस. त्यांनी घसा खाकरला, टोपी नीट केली आणि “आमी ट्रकात बसतो” म्हणून बाहेर गेले. आष्ट्याची माणसं दरबार घेऊन ट्रॉलीकडं गेली. दुकानात घरचीच तेवढी उरली.

“कवापास्नं?” दादासोंनी विचारलं.

“दिवाळीपास्नं,” हरणाबाई म्हणाल्या.

“आनि मला कुनी सांगितलं न्हाई.” दादासो मटकन गादीच्या कडेवर बसले. मघाचा त्यांचा सगळा तोरा उतरला होता. मग त्यांनी मान वर केली आणि लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदा ते विजयमालेकडं बघून बोलले. “तू सांगायला पायजे हुतंस. दुकान तुमी चालवा न्हाईतर बुडवा. पर मी पोरगा हाय त्यांचा. साताऱ्यात बसून मी म्हनत हुतो, आप्पा आताशा मला निरोप का धाडत न्हाईत? मला वाटलं, धाकटीनं कान भरलं. सहा म्हैनं मी तुझ्यावर राग धरून बसलोय.”

“चुकलं माझं, भाऊजी,” विजयमाला म्हणाली. मघा तेच शब्द तिनं खोटे उच्चारले होते; आता ते खरे होते, आणि जास्त जड जात होते. आपण आप्पांना सांभाळतोय, एवढंच ती बघत होती. त्या सांभाळण्यात त्यांचा लेक त्यांच्यापासून तोडला जातोय, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“मला दिसत हुतं,” आकाराम अचानक म्हणाला. तो दाराशी पाठमोरा उभा होता. “गेल्या म्हैन्यात मला दादासो म्हनून हाक मारली त्यांनी. दोनदा. मला बघायचंच न्हवतं.”

बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा दिला.

“तुम्ही जा ट्रकातनं,” अनसूयाबाई नवऱ्याला म्हणाल्या. सकाळपासून त्या जेमतेम एकदा बोलल्या होत्या. “मी राहते हितं. विजू परत येईस्तोवर.”

“आनि साताऱ्याचं?”

“साताऱ्यात तरी मी काय करते? तुमच्या त्या खोट्या मिशा विंचरत बसते. त्या तुमच्या तुम्ही विंचरा. हितं आप्पांजवळ कुणीतरी बसलं पायजे, शब्द ऐकायला. मला लिहायला येतं.” त्या विजयमालेकडं वळल्या. “आणि भिंत परत आखून जा. ह्या खेपेला कोण पुसत न्हाई.”

आप्पा गादीवर आडवे झाले होते. हे बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. डोळे मिटलेले होते.

दादासोंनी बायकोला होकार दिला नाही, नकारही दिला नाही. ट्रकमध्ये चढता चढता आकारामला एवढंच म्हणाले, “आप्पांचा निरोप मला रोज पायजे. कायबी असू दे, रोज.”

विजयमालेनं भिंत आखली. अनसूयाबाईंना गावं दाखवली, पडद्यांचे गुंडाळे ओळखायला शिकवले. शरयूला आकाराम साताऱ्याला पोचवून आला. पण जायचं की नाही, हे तिच्या मनाशी ठरत नव्हतं. ट्रंक भरायची, पुन्हा दोन पातळं बाहेर काढायची, असं चाललं होतं. उघडं पडल्यानंतर आप्पा जणू सैल झाले होते. आधी ते विसरलेलं झाकायला धडपडायचे. आता धडपडणं सोडलं होतं, आणि विसरणं भरभर वाढल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, वयाचं आहे म्हणाले.

निघायच्या दिवशी दुपारी आप्पाही स्टेशनवर आले. हरणाबाईंनी त्यांना धुवट धोतर नेसवलं होतं. आकाराम पुण्यापर्यंत सोबत जाणार होता. तो ट्रंक घेऊन डब्यात चढला. फलाटावर ऊन मी म्हणत होतं. विजयमाला वाकून सासऱ्यांच्या पाया पडली.

आप्पा एक पाऊल मागं सरले. दोन्ही हात जोडून अदबीनं म्हणाले, “असू द्या, असू द्या, बाई. नाटक कुठं हाय तुमचं?”

ते तिला अहो-जाहो करत होते. तिच्या कानात गाडीची वाफ शिरल्यासारखं झालं. तिनं सासूबाईंकडं बघितलं, मग परत त्यांच्याकडं.

“बडोद्याला,” ती कशीबशी म्हणाली.

“लय लांब. चांगलं करा काम.”

तिनं डब्याच्या पायरीवर ठेवलेला पाय परत खाली घेतला. “आत्याबाई, मी नाही जात. परत येईन तेव्हा हे...”

“चढ तू,” हरणाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. डोळे कोरडे होते. “तू हितं ऱ्हायलीस म्हनून वळकनार हायत व्हय? मला तरी रोज कुठं वळकत्यात? वळकत्यात तवा मी हाय, न्हाई वळकत तवाबी मी हाय. आता अनसू बी हाय. तू चढ. पुढच्या साली कोन कुनाला सोडाय येतंय, कुनाला ठावं?”

गार्डानं शिट्टी दिली. आकारामनं वरून हात दिला आणि ती चढली. गाडी हलली, तशी ती खिडकीशी आली. फलाटावर आप्पा उभे होते, आणि त्यांनी हात वर केला होता. तो सुनेसाठी होता की दौऱ्यावर निघालेल्या कुणा नटीसाठी, ते तिला कळलं नाही. वळण येईपर्यंत ती आपला हात बाहेर धरून उभी राहिली.